घाटातला उजेड आणि शाळेचा रंगमंच

गुरुजी, बाई, यंदाच्या स्नेहसंमेलनात मुलांचे नाटक बसवणार आहात ना? मग एका गोष्टीचा विचार आतापासूनच करून ठेवा. पाठांतर होईल, धोतरे-लुगडी कुणाच्या तरी घरून येतील, दाढीमिशाही जमतील. मागे राहतो तो उजेड. बहुतेक गावांत काय होते? मंडपवाल्याकडून दोन मोठे दिवे येतात, पूर्वी हॅलोजन यायचे, हल्ली एलईडीचे फ्लड येतात. ते समोरच्या दोन बांबूंना बांधले जातात आणि नांदीपासून आभारापर्यंत एकसारखे भगभगत राहतात. नाटकात पहाट असो की मध्यरात्र, राजवाडा असो की झोपडी, उजेड तोच. नट दिसतात हे खरे; पण चेहरे पाटीसारखे सपाट होतात, पोरांचे डोळे मिचमिचतात, आणि मागच्या पडद्यावर प्रत्येकाच्या दोन दोन सावल्या नाचत असतात.

यावर उपाय म्हणून पुष्कळ जण आणखी दिवे मागवतात. म्हणजे रोग तोच, औषधाचा डोस मात्र वाढला! माझे सांगणे असे की, दिवे आहेत तेवढेच राहू द्या. आधी उजेड कसा असतो ते पाहायला शिकू या. आणि तो पाहायला कसाऱ्यासारखी जागा दुसरीकडे शोधत जायला नको.

कसारा हे शहापूर तालुक्यातले, सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. आगगाडी इथवर आली १८६१ साली. पुढचा थळ घाट फोडून ती इगतपुरीला पोहोचायला १८६५ साल उजाडले. चढ असा उभा की सदतीस फूट पुढे गेले म्हणजे एक फूट वर जायचे. म्हणून घाट चढणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना आजही कसाऱ्याला मागून ढकलणारी इंजिने लावतात. आपण त्यांना बँकर म्हणतो. ती लागेपर्यंत गाडी थांबते, उतारू दारात येतात, आणि मोबाइल काढून डोंगराचे फोटो घेतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. मुरबाडच्या अंगाला माळशेज घाटात तीच गर्दी. या सगळ्या फोटोंत डोंगर असतो, धबधबा असतो, आपली माणसे असतात. डोंगर तर बारा महिने तोच असतो. जूनमधला फोटो निराळा आणि जानेवारीतला निराळा दिसतो, तो उजेडामुळे. शाळेची सहल माहुलीला गेली असेल, भातसा धरणावर गेली असेल, त्या सहलीचे फोटो तुमच्याकडे असतीलच. रंगमंचावर उजेड कसा पाडावा याचे धडे त्याच फोटोंत आहेत, हे मला आज सांगायचे आहे.

कुणी म्हणेल, उजेड तर डोळ्यांपुढे रोजच आहे, मग फोटो कशाला? त्याचे कारण असे की आपला डोळा मोठा जुळवून घेणारा आहे. उन्हातून अंधाऱ्या घरात शिरलो की क्षणभर काही दिसत नाही, मग दिसू लागते, आणि घर अंधारे होते हे आपण विसरूनही जातो. फोटोत तो क्षण थांबून राहतो. मग त्याला सावकाश प्रश्न विचारता येतात. उजेड कोणत्या बाजूने आला? सावलीची कड सुरीने कापल्यासारखी आहे की धुरकट? उजेडाचा रंग कोणता, आणि सावलीचा कोणता? सावलीलाही रंग असतो, बरं का. एक युक्ती करा. फोटो कागदावर छापलेला असेल तर तो उलटा धरा. डोके खाली, पाय वर. असे केले की हा आपला बंडू, हा आपला गण्या, हे डोक्यातून जाते आणि नुसते उजेडाचे आणि काळोखाचे तुकडे उरतात. मुलांना ही गंमत फार आवडते.

पहिला धडा नाकाच्या सावलीचा. कोणत्याही उन्हातल्या फोटोत चेहऱ्यावर नाकाची सावली कुठे पडली आहे ते बघा. सावलीच्या टोकापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत मनात एक रेघ ओढा आणि ती तशीच पुढे वाढवा. ती थेट सूर्याकडे जाते. आता मेमधला दुपारचा फोटो घ्या. नाकाची सावली ओठांवर आलेली, आणि डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खोबण्या. डिसेंबरातला दुपारचा फोटो घ्या. चेहरा उजळ, गालाला गोलाई, डोळ्यांत चमक. असे का व्हावे?

भूगोलाच्या तासाला हे सहज दाखवता येईल. कसारा साधारण साडेएकोणीस अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. त्यामुळे मेच्या १८ तारखेच्या सुमारास सूर्य इथे मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पुन्हा जुलैच्या २५ तारखेच्या आसपास तसेच होते, पण तेव्हा ढगांमुळे कुणाच्या लक्षात येत नाही. उलट २१-२२ डिसेंबरला मध्यान्हीचा सूर्य आकाशात फक्त ४७ अंश वर चढतो. त्या दिवशी आपल्या घड्याळात साडेबाराच्या सुमारास अंगणात एक मीटरची काठी उभी करा. सावली सुमारे ९३ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ काठीएवढीच भरेल.

आता गंमत पाहा. अमेरिकेत येल विद्यापीठात स्टॅन्ली मॅकँडलेस नावाचे नाट्यप्रकाशाचे अध्यापक होते. त्यांनी १९३२ साली रंगमंच उजळण्याच्या पद्धतीवर एक छोटे पुस्तक लिहिले, आणि जगभरच्या नाटकवाल्यांनी ते उचलून धरले. त्यांचे मुख्य सांगणे असे की, नटाच्या चेहऱ्यावर दोन बाजूंनी दोन दिवे पडावेत, दोन्ही साधारण ४५ अंश वरून यावेत, आणि एकाचा रंग ऊबदार, पिवळसर असावा तर दुसऱ्याचा थंड, निळसर. म्हणजे आपले डिसेंबरातले दुपारचे ऊनच की! त्या उन्हात अंगणात उभ्या असलेल्या माणसाचा फोटो नीट पाहिलात तर सूर्याकडचा गाल पिवळसर दिसेल आणि दुसरा गाल निळसर राखाडी. त्या दुसऱ्या गालावर सूर्य नसतो, तरी तो काळाठिक्कर नसतो. त्याला निळे आकाश उजळत असते. सूर्य हा एक दिवा आणि सगळे आकाश हा दुसरा. सूर्याचा प्रखर आणि आकाशाचा मंद.

म्हणून मंडपवाल्याचे तेच दोन दिवे समोरच्या बांबूंवरून काढून दोन कोपऱ्यांकडे न्या. किती उंच आणि किती दूर? हिशेब सोपा आहे. नटाच्या चेहऱ्यापासून दिवा जितका वर, तितकाच तो चेहऱ्यापासून आडवा दूर असला की कोन ४५ अंशांचा झाला. सात फूट वर तर सात फूट दूर. एकावर फिकट पिवळा जिलेटिन कागद लावा, दुसऱ्यावर फिकट निळा, आणि निळा दिवा जरा मंद ठेवा. दोन्ही सारखेच प्रखर ठेवले तर पुन्हा पाटी तयार होईल. मंद कसा करायचा? त्याला मागे सरकवा. दिवा दुप्पट अंतरावर नेला की उजेड अर्धा होत नाही, चौथाई होतो. पाच फुटांवरचा दिवा दहा फुटांवर नेऊन मुलांना हे दाखवा. विज्ञानाचा एक पाठही त्यात होऊन जाईल.

मोबाइलच्या फोटोंबद्दल एक सावधगिरी इथेच सांगून ठेवतो. हे यंत्र अतिशहाणे असते. संध्याकाळचा तांबडा उजेड त्याला चूक वाटतो आणि ते तो पुसून पांढरा करू पाहते. सावलीतला काळोखही ते आपल्या मर्जीने उजळते. कॅमेऱ्यात उजेडाचा रंग स्वतः ठरवण्याची सोय असली तर ती उन्हाच्या चिन्हावर ठेवा, म्हणजे ही लुडबूड थांबेल. आणि फोटो काढला की वहीत दोन ओळी लिहा: वेळ, महिना, ऊन कोणत्या अंगाने होते, सावली कशी दिसली. यंत्राने पुसलेला रंग वहीत राहतो. रंगाचा हिशेब हवा असेल तर तो असा: शास्त्रज्ञ उजेडाचा रंग केल्व्हिन या मापात मोजतात. मेणबत्तीचा उजेड सुमारे १९००, जुन्या तारेच्या बल्बचा २७००, दुपारच्या उन्हाचा ५५००, आणि निरभ्र आकाशाखालच्या सावलीतला त्याहून कितीतरी जास्त. आकडा वाढला की उजेड निळसर होतो. हल्ली एलईडीच्या खोक्यावरही हा आकडा छापलेला असतो. झोपडीतल्या प्रसंगाला ६५०० चा दिवा लावला तर झोपडीचा दवाखाना होतो, तो यामुळे!

आता घाटाकडे वळू. कसाऱ्याला डोंगराची भिंत उगवतीकडे आहे. म्हणून सकाळी आभाळ उजळते, पण गावात ऊन उशिरा उतरते. त्या वेळचा फोटो बघा. सावल्या नाहीत, सगळे निळसर, मऊ, झोपेतून उठल्यासारखे. दूरचा शेंडा तेवढा सोनेरी. संध्याकाळी याच्या उलट. सूर्य कोकणाच्या बाजूला खाली जातो, उजेड आडवा येतो, वरचे कडे पेटल्यासारखे होतात, आणि खालच्या दरीत मात्र दिवेलागण झालेली असते. पहाट आणि संध्याकाळ यांत फरक काय, असे मुलांना विचारले तर ती म्हणतात, दोन्ही तांबड्या. पडद्यावर तांबडा दिवा टाकला की झाली पहाट, असे आपणही मानत आलो. घाटातले फोटो सांगतात की इथली पहाट आधी निळी असते, ऊब तिच्यात मागून येते, आणि तीही वरून खाली उतरते. तेव्हा पहाटेच्या प्रवेशात निळ्या दिव्याने सुरुवात करा, माणसे अर्धवट दिसू द्या, आणि मग एका बाजूच्या उंच दिव्याने आधी मागच्या पडद्याचा वरचा भाग उजळा, नंतर माणसे. दोन मिनिटे लागली तरी लागू द्या. प्रेक्षक कंटाळतील ही भीती नको. आपल्याकडची माणसे पहाट रोज पाहतात, तिचा वेग त्यांना ठाऊक आहे.

संध्याकाळ तर आणखी सोपी. घाटमाथ्यावर मावळतीकडे तोंड करून काढलेल्या फोटोत माणसे काळी आणि आभाळ उजळ असे होते. आपण म्हणतो, फोटो बिघडला. रंगमंचावर तोच हवा असतो! मागे पांढरी चादर ताणून बांधा, दिवा चादरीच्या पायथ्याशी जमिनीवर, फळीआड ठेवा, समोरचे सगळे दिवे बंद करा. गुरे घेऊन परतणारा गुराखी, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया, नुसत्या काळ्या आकृत्या ओळीने गेल्या की शब्दाचीही गरज उरत नाही.

पावसाळ्यातल्या धुक्याचे फोटो सगळ्यात जास्त काढले जातात आणि सगळ्यात कमी पाहिले जातात. धुक्यात सावली नसते, कारण उजेड सगळीकडून येतो. जवळचे झाड गडद, त्यामागचे फिकट, त्यामागचे आणखी फिकट, आणि मग काहीच नाही. रंगमंचावर धूर सोडून धुके करण्याचा मोह होतो. बंद सभागृहात पोरांच्या छातीत धूर जातो, तेव्हा तो नकोच. त्यापेक्षा मच्छरदाणीचे पांढरे कापड रंगमंचाच्या मधोमध आडवे सोडा. त्याच्या पुढचा नट स्पष्ट, मागचा फिकट. समोरून त्या जाळीवर बाजूचा मंद दिवा टाकला की मागचा नट जवळपास नाहीसा होतो; तो विझवून मागचा लावला की धुक्यातून वर येतो. जाळी एकच, खेळ दिव्यांचा.

आणि आता गाडी. घाटातल्या बोगद्यातून गाडी बाहेर पडते तेव्हा डब्यात काय होते ते आठवा. काळोख, मग एकदम उजेडाचा पट्टा एका टोकाकडून शिरतो, खिडकीच्या गजांच्या सावल्या प्रवाशांच्या तोंडांवरून सरकत जातात, पुन्हा काळोख. रंगमंचावर गाडी आणायची म्हणजे पुठ्ठ्याचे इंजिन करतात. ते कधी अडते, कधी मोडते, लोक हसतात. कोलकात्याचे थोर प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी १९५९ साली विश्वरूपा रंगमंदिरातल्या ‘सेतू’ या नाटकात गाडी अंगावर धडधडत येते असा आभास नुसत्या उजेडाने आणि आवाजाने निर्माण केला; तो पाहायला लोक लोटत. त्याच वर्षाच्या अखेरीस मिनर्व्हा रंगमंदिरात उत्पल दत्त यांच्या ‘अंगार’ नाटकात त्यांनी कोळशाची खाण पाण्याने भरताना दाखवली. तिथे पाण्याचा थेंबही नव्हता. आपल्याला एवढे जमायचे नाही, पण डबा जमेल. चार बाके मांडा. बाजूच्या विंगेत एक दिवा ठेवा. लांब पुठ्ठ्यात हातहात अंतरावर उभ्या फटी कापा आणि दोन मुलांनी तो दिव्यापुढून ओढायचा. आधी हळू, मग भराभर. नटांनी बाकावर जरा डुलायचे. आवाज कसाऱ्याच्या पोरांना शिकवावा लागणार नाही. मागचे बँकर लागल्यावर धक्का कसा बसतो हेही ती बरोबर करून दाखवतील.

घराच्या आतला उजेड हा मात्र सावकाश पाहण्याचा विषय आहे. आपल्याकडे पक्की घरे झाली. तरी पाड्यांवर अजून कुडाची घरे आढळतात. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप. लेप जिथे गळला असेल तिथून सकाळचे ऊन पट्ट्यापट्ट्यांनी आत येते. कौल सरकले असेल तर वरून कवडसा पडतो, आणि चुलीच्या धुरात त्याचा खांब उभा राहतो. बाकी घर अंधारात असते, तरी त्या कवडशाच्या आजूबाजूची भांडी, म्हातारीचा हात, पाटा-वरवंटा मंद दिसत राहतो, कारण जमिनीवर पडलेले ऊन तिथून उसळून वर येते. हा उसळलेला उजेड फोटोत ओळखायला शिका. नाकाची सावली खाली पडण्याऐवजी जवळपास नसतेच, आणि हनुवटीच्या खालची बाजू उजळ असते. भातकापणीच्या दिवसांत खळ्यावर काढलेल्या फोटोत तोच उजेड पिवळा होतो. पेंढ्यावरून उसळलेला असतो ना. भातसाच्या काठी तोच थरथरतो.

या उसळलेल्या उजेडाचा एक किस्सा सिनेमाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’ चित्रपटात काशीतल्या घराचे अंगण होते. पावसाच्या भीतीने ते अंगण कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारले. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांना पेच पडला. अशा अंगणात ऊन थेट खाली पोहोचत नाही. वरच्या आभाळाचा सावलीविरहित उजेड तेवढा झिरपतो. स्टुडिओतल्या दिव्यांनी तर कडक सावल्या पडणार. त्यांनी अंगणाच्या वर पांढरे कापड ताणून बांधले, दिवे वर कापडाकडे रोखले, आणि कापडावरून परतलेल्या मऊ उजेडात चित्रण केले. पाहणाऱ्यांना ते खरे अंगण वाटले. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसों यांच्या नैसर्गिक उजेडातल्या छायाचित्रांची मित्र आणि राय या दोघांनाही ओढ होती, हे इथे सांगण्याजोगे आहे. फोटोतला उजेड आधी डोळ्यांत मुरला, मग त्याची रीत सापडली. आपल्याला तर एक चुन्याची भिंत किंवा धुतलेली चादर पुरे. दिवा नटाकडे न रोखता चादरीकडे रोखा, म्हणजे झाली ओसरी.

कुडाच्या पट्ट्यांसाठी बुरुडाकडची विरळ विणीची तट्टी दिव्यापुढे, पण दिव्यापासून हातभर दूर, उभी करा. कवडशासाठी पत्र्याला भोक पाडा. कंदिलाच्या प्रवेशात मात्र एक लक्षात ठेवा. नटाच्या हातातल्या कंदिलाने रंगमंच उजळत नाही. उजळल्यासारखा दिसला पाहिजे. विंगेतला पिवळा दिवा कंदिलाच्याच बाजूने आला तर लोक विश्वास ठेवतात, उलट बाजूने आला तर ठेवत नाहीत, मग त्यांना कारण सांगता येवो न येवो. सावंतवाडीकडचे चित्रकार सावळाराम हळदणकर यांचे, हाताच्या आडोशाला समई घेऊन उभ्या असलेल्या तरुणीचे जलरंगातले चित्र तुम्ही कॅलेंडरवर पाहिले असेल. मूळ चित्र म्हैसूरला आहे. ज्योत दिसत नाही, पण बोटांच्या कडा लालसर झाल्या आहेत, आणि सारा चेहरा त्या न दिसणाऱ्या ज्योतीने उजळला आहे. उजेड कुठून येतो हे एकदा पक्के झाले की किती थोडक्यात भागते ते तिथे पाहा.

चांदण्याबद्दलही दोन शब्द. नाटकात चांदणे म्हणजे निळीच्या पाण्यासारखा गडद निळा दिवा असा रिवाज पडला आहे. चंद्राचा उजेड हा सूर्याचाच परतलेला उजेड. त्यात निळेपणा नाही. अंधुक उजेडात आपल्या डोळ्याला तांबडा रंग कमी आणि निळा जास्त जाणवतो, म्हणून तो निळसर भासतो. मोबाइलने पुष्कळ वेळ उघडा ठेवून चांदण्यात काढलेला फोटो दिवसाचाच वाटतो, तो याच कारणाने. तेव्हा फिकट निळा पुरे. चांदण्याची खरी खूण ही की दिवा एकच असतो, वरून येतो, आणि झाडाखाली मिट्ट काळोख असतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय मुख्यतः निवडला तिच्याकडे येतो. शहापूर, इगतपुरी, आणि १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेले जव्हार, मोखाडा, या सगळ्या पट्ट्यात फाल्गुनापासून वैशाखापर्यंत बोहाडा होतो. सांबळ-पिपाणीच्या ठेक्यावर रात्रभर सोंगे नाचत येतात: गणपती, शारदा, मग देवदैत्य, आणि पहाटेला देवीचे आणि महिषासुराचे युद्ध. रंगमंच नाही, पडदा नाही. गावातली वाट हाच मंच. कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे मोठे मुखवटे, आणि त्यांच्यापुढे हातात टेंभे धरलेली माणसे. हा टेंभ्याचा उजेड खालच्या अंगाने येतो, तांबूस असतो, आणि एक क्षण स्थिर राहत नाही. मुखवट्याची भुवई जाड, गालफडे वर आलेली, डोळे वटारलेले, हे सगळे त्याच उजेडासाठी बनलेले आहे. टेंभा हलला की भुवईची सावली हलते आणि मुखवटा रागावतो; टेंभा जवळ आला की दात पुढे येतात. लाकडाला जीव येतो तो इथे.

हल्ली काही ठिकाणी सोंगांच्या वाटेवर खांबाखांबाला फ्लड लावतात. सोय होते, विंचूकाट्याची भीती राहत नाही, व्हिडिओ चांगला निघतो, हे सगळे मान्य. पण त्या पांढऱ्या सपाट उजेडात तोच मुखवटा रंगवलेल्या कागदासारखा दिसतो, आणि लहान मूल त्याला घाबरत नाही, हसते. एकाच सोंगाचे दोन फोटो, एक टेंभ्याच्या आणि एक फ्लडच्या उजेडातला, शेजारी ठेवून गावाच्या पंचांना दाखवा. व्याख्यान देण्याची गरज पडणार नाही. बसायच्या जागी आणि पायवाटेवर दिवे असोत, पण सोंग येण्याच्या पट्ट्यातले फ्लड त्या वेळेपुरते विझवता येतात. टेंभ्याच्या तेलाचा खर्च किंवा आगीचा धोका नको असेल तर २७०० केल्व्हिनचा बॅटरीवरचा दिवा काठीला बांधून, छातीच्या उंचीवर धरून, सोंगाबरोबर चालवा. टेंभ्याची सर येणार नाही, पण सावली हलेल. तुमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे बाप आणि आजे ही सोंगे घेतात. उजेड कसा धरायचा याचे पहिले गुरुजी तेच आहेत. त्यांना एकदा शाळेत बोलवा, आणि टेंभा कुठे धरतात, नाचणाऱ्याच्या किती पावले पुढे चालतात, हे मुलांना लिहून घेऊ द्या. हे कुठल्या पुस्तकात सापडायचे नाही, आणि विचारायला उशीर केला तर सांगणारेही राहायचे नाहीत.

साहित्याचे म्हणाल तर चार दिवे, जिलेटिन कागद, दोन चादरी, पुठ्ठे आणि एक तट्टी एवढ्यात वर सांगितलेले सगळे बसते. तारेचे बल्ब वापरत असाल तर दुकानात मिळणारा दिव्याचा डिमर लावता येतो. एलईडीला तो चालतोच असे नाही, खोक्यावर तसे लिहिलेले हवे. जुन्या नाटकमंडळ्या मिठाच्या पाण्याच्या भांड्यातून वीज नेऊन दिवे मंद करत. ती रीत ऐकून कुणी हुशार विद्यार्थी प्रयोग करायला निघाला तर त्याला तिथेच थांबवा. त्यात जीव जातो. वायरिंग वायरमनकडूनच करून घ्या, अर्थिंग तपासा, पावसाने ओल्या झालेल्या जमिनीवर जोड उघडे ठेवू नका. हॅलोजनला कागद चिकटवू नका, तो पेटतो. पडदा आणि दिवा यांत निदान दोन हात अंतर ठेवा, आणि वाळूची एक बादली विंगेत भरून ठेवा.

तालमीचे एक राहिले. दिव्यांची तालीम दिवसा घेऊन उपयोग नाही. अंधार पडल्यावर, नाटकाच्या आधी निदान दोन दिवस घ्या. एका मुलाला रंगमंचावर नुसते उभे करा, दुसऱ्याला शेवटच्या रांगेत बसवा, आणि त्याला एकच विचारा: डोळे दिसतात का? तो हो म्हणेपर्यंत दिवा हलवत राहा. मग नटाला चार पावले चालायला सांगा आणि पुन्हा विचारा.